मोजणी चालू असताना

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये रुजू झाले तेव्हा
बायकांच्या मापाचे सेफ्टी बूट स्टोअरमध्ये नव्हतेच.
पहिले पाच महिने पुढे कापूस कोंबून चालले,
आणि चालणं अधिकाऱ्याचं वाटावं म्हणून
जरा जोरात पाय आपटले.

वाइंडिंगवर धुळाभाई. दाहोदकडचे.
सही करताना जीभ दातांत धरायचे,
पण तांब्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला की सांगायचे,
'बेन, आ ढीली छे.'
गेज तेच म्हणायचा, पण नंतर,
कारकुनासारखा, शिक्का शोधून.

मी शिकलेली. मी त्यांना तक्ता शिकवला.
हिरवा खाना, लाल खाना, तासाला किती वेढे,
पाणी प्यायला किती मिनिटं.
'सारु,' म्हणाले,
आणि लाकडी हातोडीनं वेढ्याला वेढा भिडवत राहिले,
टक्, टक्,
कुणी झोपलेल्याला न उठवता दार वाजवावं तसं.

आई दांडिया बाजारात शिवण शिकवायची.
पोरीची टीप वाकडी गेली की
स्वतःचे हात पाठीमागे बांधून उभी राहायची.
घरी येऊन म्हणायची, आज फार दमले, काहीच केलं नाही.
हे मला समजायला
दोन बढत्या जाव्या लागल्या.

तर, तो मार्चअखेर.
दर अर्ध्या तासाला वरून फोन,
आणि मी खाली उतरून विचारणार, किती झालं?
निघताना तो प्रश्न मोठ्या साहेबांचा असायचा,
जिना उतरेपर्यंत माझा व्हायचा.
धुळाभाई ओठांत मोजत होते.
मान वर केली, म्हणाले, 'थशे, बेन, थशे.'
मग ओठ पुन्हा हलायला लागले,
पण किंचित थांबून. ते थांबणं मी पाहिलं होतं.

मशीनचा काउंटर आठवडाभर बंद होता.
दुरुस्तीचा कागद माझ्या टेबलावर.

कॉइल टेस्टिंगला नापास.
एकशे अठ्ठेचाळीसमध्ये एक वेढा कमी.
रजिस्टरात रकाना असतो, कारण.
मी लिहिलं, मानवी चूक.
कोणत्या मानवाची, एवढी जागा रकान्यात नव्हती.

त्यांचा अर्धा दिवस कापला गेला.
त्यांनी काही विचारलं नाही. सोमवारी
गावाहून मक्याची कणसं आणली, सगळ्या शेडला.
माझ्या वाटणीचं मी केबिनमध्ये
दार लावून खाल्लं.

आता ते नाहीत. म्हणजे आहेत, गावी,
एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय असं कळलं.
मला मात्र काचेची एक पाटी मिळाली, उत्तम नेतृत्व.
तिच्यावर धूळ फार बसते.
पुसताना दर वेळी एक नाव तोंडात येतं.

शनिवारी तरसालीला आयटीआयत शिकवते.
पहिल्या बाकावर किंजल राठवा,
दोन बस बदलून येते, झोप डोळ्यांत तशीच.
विचारते, मॅडम, इतक्या माणसांकडून काम
तुम्ही करून कसं घेता?
पुस्तकात याला सात मुद्दे आहेत.
परीक्षेला पाच लिहिले तरी चालतात.
मी फळ्याकडे वळते, खडू उचलते,
आणि काही न लिहिताच सांगते,
कुणी मोजत असेल तेव्हा बोलायचं नाही.

वर्ग हसतो. बेन आज मजेत आहेत.
किंजल हसत नाही. वहीत उतरवून घेते,
पेनचं टोपण चावते, मग म्हणते,
'पण मशीनला काउंटर असतो ना?'

असतो, मी म्हणते.
पुढचं वाक्य
अकरा वर्षं माझ्या टेबलावर पडलंय,
सहीवाचून.