चुकलेला ठोका

चंदनझिऱ्याच्या भंगारात तीन किलो कॅसेटी आल्या,
त्यात एक माझी.
लेबलावरची शाई उडत आलेली: लिंबाजी खंदारे आणि पार्टी.
हलगी. बाजू अ.
बाजू ब वर कुणीतरी आपल्या पोरीचं बारसं भरून ठेवलेलं.

खांदा गेला, मग गुणाजी गेला,
मग वरातीत डीजे आला.
वीस वर्षं हलगी खुंटीला आहे,
कातडं सैल पडलंय, विस्तव कोण दाखवणार?

भंगारवाल्याचा मुजम्मिल दारात आला,
कानातलं यंत्र माझ्याच कानात घातलं.
म्हणाला, चच्चा, सुनो तो जरा.

आधी घरघर,
मग जमिनीखालून दणका,
मग तो बोलायला लागला, भरभर,
काट्यावरचा मुनीम वजनं सांगतो तसा:
रात्रपाळीत भट्टीवर दोन बोटं ठेवून आलेला मामू,
दहा दिवसांनी येणारा नळ,
कुंडलिकेतलं काळं पाणी.
आणि त्या बोलण्याखाली
कडक्, कड... तक्. कडक्, कड... तक्.

ओळखलं.
शेजाऱ्याच्या अंगात आपला सदरा दिसावा, तसं.

म्हटलं, काहून रे, विचारलंस कुणाला?
अन् घ्यायचंच होतं तर सत्तावीस मिनिटं होती की,
वरातीची चाल होती, कुस्तीची होती,
चारच सेकंद उचललेस?
आणि तेही हे?

हे म्हणजे जिथं टिपरू निसटलं होतं.
रेकॉर्डिंगच्या खोलीत पंखा बंद करायला लावलेला,
हात घामानं ओला,
एक ठोका अर्धा श्वास उशिरा पडला
आणि शेजारी गुणाजी हुंकारला: अं.
कंपनीचा माणूस म्हणाला, राहू द्या, टेप महाग आहे.
पाहुण्यांपुढं कॅसेट लागली की
त्या जागेवर मी मुद्दाम खोकायचो.

आता ती जागाच फिरत राहते.
दर चार मात्रांनी मी चुकतो,
दर चार मात्रांनी गुणाजी अं म्हणतो.
एकदा चुकलं तर चूक.
दहाव्यांदा चुकलं
अन् माझा पाय हलायला लागला, मला न विचारता.

ह्याला वाजवणं म्हणायचं का, मला माहीत नाही.
कातडं तापल्याशिवाय बोलत नाही, हे त्याला कुणी शिकवलं नाही.
पण सत्तावीस मिनिटांतून तो अर्धा श्वास शोधायला
कान लागतो.
मला तो नुसता लपवता आला.

त्याचा बाप घेतो हापशाचे दांडे,
बैलगाडीच्या धावा, रुखवतातल्या पत्र्याच्या पेट्या.
पलीकडं भट्टीत सगळं एक होतं, लाल, बिननावाचं,
सळई होऊन परक्याच्या स्लॅबात जातं.
सळईला कोण विचारतं, तू आधी कुणाची?
पोरानं मात्र वितळवलं नाही.
धाव धावच ठेवली, वरच्या चिखलासकट,
आणि तिच्यावर आपली गाडी घातली.

आणि ती चाल तरी कुठं माझी होती?
घनसावंगीच्या जत्रेत एका म्हाताऱ्याच्या मागं
दोन दिवस उपाशी फिरून उचललेली.
त्यानं कुणाची उचलली, त्याचं त्याला ठाऊक.
मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मुजम्मिल मात्र विचारतो: नाम क्या डालूं, चच्चा?
म्हटलं, ठोका माझ्या नावावर टाक.
अं गुणाजीच्या.
पैसे आले तर बघू, नाही आले तर चहा पाज.

तो गेल्यावर दार लोटलं,
मांडीवर बोटांनी तीच चूक करून बघितली.
एकदा, दोनदा, चारदा.
जमेना.
दर वेळी बरोबरच येत होतं.