इतिवृत्त कायम करणे

सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त मी लिहितो.
एकोणीस वर्षं झाली.
महापौर बदलतात, आयुक्त बदलतात,
माझी खुर्ची तीच, एका पायाखाली
जुन्या विषयपत्रिकेची घडी.

सदस्य काय बोलले ते लिहायचं.
कसं बोलले ते नाही.

भूदेवी चिप्पा विडी घरकुलाकडून येतात,
दोन रिक्षा बदलून.
प्रश्न लेखी देतात, दहा दिवस आधी,
नातवाच्या अक्षरात.
उभ्या राहून बोलल्या की पाणी पुल्लिंगी होतं:
"पाणी कवा येतो, तेवढा सांगा."
मी लिहितो: पाणी केव्हा येते, अशी विचारणा केली.
एवढी दुरुस्ती मला चालते.
त्यांना चालते का, कधी विचारलं नाही.

मे महिन्याची सभा. पंखा फिरतोय,
वारा कुठल्या पक्षाकडे जातोय कळत नाही.
प्रश्न क्रमांक सतरा.
कार्यकारी अभियंता म्हमाणे उभे राहिले, वाचलं:
शहरास समान पाणीपुरवठा करण्याच्या दृष्टीने
आवश्यक ती कार्यवाही प्रस्तावित असून
तांत्रिक बाबी तपासून
यथावकाश.

भूदेवीबाईंनी उत्तराचा कागद घेतला,
अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबला,
कारखान्यातला तपासनीस विडी दाबतो तसा.
"चाळीस वर्षं वळली मी.
हजारातल्या शंभर छाट काढायचा तो.
म्हणायचा, नुसता पान आहे, तंबाखू कुठंय?
साहेब, हा पण छाट."

सभागृह हसलं. सत्तेतले, विरोधातले,
बऱ्याच दिवसांनी एकत्र.
त्या हसल्या नाहीत. उपप्रश्न विचारला:
"पाचव्या दिवशी येतो म्हणता.
कितीला? रात्री दोनला का चारला?
बायका जाग्या बसतात, सकाळी बोटं चालत नाहीत,
हजार भरत नाही.
तास सांगा."

म्हमाणे साहेबांनी मागे पाहिलं.
मागच्या बाकावरच्या उपअभियंत्याने फाईल उघडली
आणि तिच्यात बघत राहिला
आडात बघावं तसा.

मी पेन धरून थांबलो.
भिंतीवरचं घड्याळ महापालिकेचंच, तरी चालू होतं.
एक मिनिट. वर काही सेकंद.
मग महापौर म्हणाल्या, पुढचा विषय.

संध्याकाळी मी लिहिलं:
माहिती घेऊन कळविण्यात येईल, असे उत्तर देण्यात आले.
दिलं नव्हतं कोणी.
पण अशा जागी हात तेवढंच लिहितो,
मला न विचारता.

जून. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे.
हे कोणी वाचत नाही. मंजूर, मंजूर,
तेवढ्यात चहा येतो.
"थांबा." भूदेवीबाई उठल्या.
नातवाने सगळं वाचून दाखवलं होतं.
"कळवतो असा कोण म्हणाला? मी होती ना इथं.
साहेब गप्प होता.
गप्प होता असा लिवा."

महापौरांनी नगरसचिवांकडे पाहिलं,
नगरसचिवांनी माझ्याकडे.
बोलणं नोंदवायची नियमात तरतूद आहे.
न बोलण्याचं कलम कुठे शोधू?
कपात बशी वाजली कुणाची तरी.
मग म्हमाणे साहेबच उठले, चष्मा काढला,
म्हणाले, "बाई म्हणतात ते खरं आहे.
घ्या दुरुस्ती."
आणि बसले, नेहमीपेक्षा जरा जड.

मी ओळ खोडली. समासात लिहिलं,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
लिंग, वचन, काही न सुधारता:
साहेब गप्प होता.
शिक्का मारला, थोडा तिरका उमटला.

तास अजून कळलेला नाही.
जुलैच्या पत्रिकेवर तोच प्रश्न आहे,
या खेपेस क्रमांक चार.
नातवाचं अक्षर सुधारलंय.