चुलबंद

चुलबंद नाव ठेवलं तिचं.
मार्चातच वाळू दाखवणाऱ्या नदीचं नाव,
लढाऊ जहाजाला.
लांबी चार फूट तीन बोटं.
तोफा पाच, त्यातल्या चालतात तीन.

समुद्र मी पाहिलेला नाही.
मी मोटारी भरतो,
विहिरीवरच्या, चक्कीच्या,
अन् उन्हाळा लागला की कूलरच्या, दिवसाला आठ-आठ.
नकाशा आला सूर्यभान कापगत्याच्या मोबाइलवर.
साकोलीला जाऊन छापला, अकरा तुकड्यांत,
तांदळाच्या खळीनं फळीवर चिकटवला.
एक तुकडा उलटा लागला होता.
दोन दिवस जहाजाला दोन शेपट्या.

फासळ्या आरागिरणीतल्या सागाच्या,
मध्ये दोन-दोन बोटं मोकळी.
वरून कातडं, सावरीच्या लाकडाचं,
रंधा मारून मारून इतकं पातळ
की मागं टॉर्च धरला तर उजेड झिरपावा.

इथं माझा हात अडला.
बत्तीस वर्षं मी वस्तू अशी बांधतो
की ती परत दुकानात येऊ नये.
अन् खेळाचा नियम असा
की कातडं फुटलंच पाहिजे.
जाड ठेवलं तर ती लबाडी.
समोरच्याचा छर्रा आत येऊ द्यायचा,
मग पाणी उपसत राहायचं,
जमेल तोवर.

म्हणून पोटात कूलरचा पंप,
बारा व्होल्टचा, तार मीच भरलेली.
बॅटरी फवारणीच्या पंपातली.
छर्रे सायकलच्या मागच्या हबातले,
दीडशे, मातीतेलात धुतलेले.
तोफेचा गॅस रुपचंद सोडेवाल्याकडं.
‘बाटली भराची का बंदूक?’
‘बंदूक.’
हसला. पण पैसे बाटलीचेच घेतले.

सूर्यभानची गाढवी.
तीही नदीच, हसू नका.
शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी त्याची,
रंगसुद्धा तराजूवर मोजून लावलेला.

वैशाखात बोडीत पाणी कमरेएवढं.
पोट्टे पाळीवर, लांब,
पुढच्या रांगेला वेल्डिंगचे चष्मे,
मागच्यांना ‘डोकं खाली’ एवढंच.
रिमोट हातात घेतला अन् तळवे ओले झाले,
लग्नात झाले नव्हते.

तव्यावर लाखोरी फुटावी तसा आवाज.
गाढवी वळली, बाजूनं आली,
एका दमात नऊ भोकं.
मी दोन तरी मारली असतील.
चुलबंदच्या पाठीवरून पंपाची धार
वीतभर, मग हातभर उंच.
पोट्टे ओरडत होते, धारेसाठीच.
मग मागची बाजू बसली, नाक वर आलं,
अन् बोडी पुन्हा सपाट.

बुडालं की दोरीचा गोळा वर यायला हवा.
नाही आला. कमळाच्या देठांत गुंतला असेल.
सूर्यभान चड्डीवर उतरला, मी उतरलो,
गाळ ढवळून ढवळून पाणी काळं केलं आम्ही.

‘थांबा. हालू नोका.’
भागरता वलथरे पाळीवरून आली,
खेकडे धरायला निघालेली,
लुगडं खोचून पाण्यात,
डोळे मिटून, पायांनीच पाहात.
चार पावलं. थांबली. डावीकडं एक.
‘हे पाहा. गुरगुर करते हाय.’

खाली वाकली,
मरळ धरावी तशी दोन्ही हातांनी वर काढली,
सतरा भोकांतून पाणी सोडणारी,
एक झिंगा डेकवर उड्या मारत.
पंप चालू होता.
कितीक वेळ तळाशी बसून
बोडीचं पाणी बोडीत उपसत होता.

‘आखीन बुडवाची हाय का इले?’
हो म्हटलं, येत्या आयतवारी.
‘मंग येवढ्या नेटानं काहून बांधता?’

झिंगा तिनं खेकड्यांच्या टोपलीत टाकला.
मी बटण दाबलं.
पंप थांबला, तेव्हा कुठं कळलं
केवढा आवाज होता त्याचा.
पतंगाचा कागद अन् डिंक घेऊन
रात्री दुकानात बसलो.
सहावं भोक पंपाच्या अगदी शेजारी,
तारेला चाटून गेलेलं.
ते शेवटी बुजवलं.