बोळकं

मी कवळ्या बनवायचो. इप्सविचला, बसस्टँडमागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर, एकेचाळीस वर्षं.
म्हणून हे मला सांगू द्या.

केझाया गॅरड, माझ्या पणजीची आई.
शेतातले दगड वेचायची, टोपलीमागे पेनी,
हिवाळ्यात ईल माशांची कातडी सोलायची.
एकोणीसशे सातच्या मार्चमध्ये तिच्या तोंडात
एक दात होता, खालचा, डावीकडचा,
आणि त्याचाही काही भरवसा नव्हता.

त्या मार्चमध्ये मिस्टर लाइल-ह्युइट आले,
सायकलवरून, पँटला चिमटे लावून,
वहीत पाच-पाच रेघा आधीच आखलेल्या.
म्हणाले, गाणी हवीत. जुनी.
ती म्हणाली, इथे जुनं सगळंच आहे,
तुम्ही बसणार कशावर ते आधी बघा.
कोंबडी हाकलून त्यांना खुर्ची दिली.

आणि गायली. डोळे भिंतीकडे, हात मांडीवर,
आवाजात चढउतार नाही, गाण्यात कुणी मेलं तरी नाही,
जणू गाणं तिचं नव्हतंच,
शेजाऱ्याचं भांडं तेवढं परत करत होती.

त्यात एक मुलगी खाजणात बुडते,
तिचा खलाशी तीन वर्षांनी येतो,
तर थडग्यावर उगवलेला असतो काटा.
थॉर्न.
पण थ म्हणायला जीभ दातांना टेकावी लागते.
टेकायला दात कुठले?
आणि र तर आमच्या गावात कुणी उच्चारतच नाही.
बोळक्यातून नुसता वारा सुटला: फॉन.
साहेबांनी लिहिलं फॉन. हरणाचं पाडस.
खाली रेघ मारली. समासात, बारीक अक्षरात: किती सुंदर.

पुस्तक छापलं. शाळाशाळांतून पियानोवर बसवलं.
रेडिओवर कुण्या बाईंनी व्हायोलिनसोबत गायलं.
आमच्या वॅडलहॅममधलं ‘नांगर’ नावाचं पब
‘पाडस’ झालं, पाटीवर पांढरे ठिपके.
पोरांच्या स्वेटरवर पाडस.
न्यूफाउंडलंडच्या कुठल्याशा धक्क्यावर
तेच पाडस गुडघाभर बर्फात उभं असतं म्हणे.
एका प्राध्यापकांनी लेख लिहिला:
पाडस म्हणजे आत्मा, पाडस म्हणजे अरण्याची विसरलेली देवी.
चाळीस पानं.
दाताचा उल्लेख नाही.

घरात आम्हाला ठाऊक होतं.
बाप दर वेळी रेडिओला दटावायचा: काटा, गाढवांनो, काटा.

मंगळवारी पबच्या मागच्या खोलीत ज्याला येतं तो गातो.
एकदा, तिशीत असेन, दोन ग्लास बिअर पोटात,
मी उभा राहून काटाच गायलो. मोठ्यानं.
चाळीस माणसं पाडस म्हणत माझ्यावरून निघून गेली,
ट्रॅक्टर वाटेतल्या फांदीवरून जातो तशी.
पुढच्या ओळीला माझी दातखिळी बसली.

नंतर बाहेर, सायकली लावतात तिथे,
लाँड्रीवाली डोरिंडा पेटिंगिल आली.
सिगारेट पेटवली, ओढली नाही.
तू काय गायलास ते ऐकलं मी, म्हणाली.
असेलही तुझं बरोबर.
पण आमचं बाळ चार दिवसांचं होतं रे.
त्या दगडावर मी काटा कसा उभा करू?

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता मी त्र्याहत्तरचा. माझी कवळी मीच केली,
चांगली आहे, सफरचंद तोडते.
रात्री ती ग्लासात जाते. दिवा मालवतो.
खाजणाकडून पाखरं बोलतात,
आणि कधीतरी, उगाच, केझायाचं गाणं ओठांवर येतं.
ऐकायला कुणी नाही,
म्हणून बरोबर शब्द घ्यायचा ठरवतो,
मनात अगदी स्वच्छ, टोकदार.
जीभ वर जाते, टेकायला काहीतरी शोधते,

आणि अंधारात, उशीच्या कडेशी,
ते येऊन उभं राहतं.
ओल्या नाकाचं.