भरतीची बाजू

वाशीच्या हॉलमध्ये प्रवेश फुकट होता,
म्हणून गेले. खोटं कशाला बोलू?
आणि आत एसी होता.
मे महिन्यात कलेची आवड वाढते माणसाला.

पहिल्या भिंतीवर घोडे. दुसरीवर एक पिवळा चौकोन,
त्याच्यासमोर एक जोडपं बराच वेळ गप्प उभं.
भांडलं असावं.
ते सरकल्यावर मीही चौकोनाला थोडा वेळ दिला.
तो काही बोलला नाही. मीही आग्रह केला नाही.

शेवटच्या दालनात खाडी होती.
सहा फुटी कॅनव्हास, करडं पाणी,
चिखलातून वर आलेली कांदळांची मुळं,
आणि कोपऱ्यात किमतीची चिठ्ठी,
माझ्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढी.
"छान आहे," मी मोठ्यानं म्हणाले.
एकटीनं फिरू लागल्यापासून लागलेली सवय.

"पानी चुकलंय, बाय."

मागे खुर्चीत रखवालदार.
खिशावरच्या पट्टीवर नाव : हरेश्वर तांडेल.
"मी दिवाल्याचा. भरतीचं पानी या अंगानं शिरत नाय.
उजवीकडनं येतं, पुलाखालनं,
आनि नाल्याच्या वाकनात जरा थांबतं,
जिन्यात म्हातारी मानसं थांबतात ना, तसं."
मग खुर्चीत सरळ होत म्हणाला,
"थांबायचं. आता वाकन कुठं हाय?"

मी चित्राकडे बघत राहिले.
तेहेतीस वर्षं बेलापूरच्या नकाशाघरात
ट्रेसर होते मी.
खालून उजेड देणारं टेबल, बारीक निबाचं पेन,
आणि साहेबांची पेन्सिल समासात : नाला सरळ करावा.
मी पट्टी ठेवली.
एका रेघेत झालं. चहाच्या आधी.
अक्षर सुंदर होतं माझं, सगळे म्हणत.
'प्रस्तावित' हा शब्द
माझ्यासारखा कुणी काढत नसे.

"कसं होतं वाकण?" मी विचारलं.
त्यानं माहितीपत्रकाच्या पाठीवर पेन टेकवलं.
रेघ अशी निघाली, अशी वळली,
मध्येच जाड झाली, कारण पेन अडलं.
"इथं निवट्या. इथं आमची होडी.
इथं उधाणाला पोरं उड्या मारायची.
आता एटीएम हाय."

पुढच्या रविवारी फिलोमिना टीचरांची सहल होती :
माणशी दीडशे, पोहे धरून,
आपापला स्टूल आपण आणायचा.
दिवाळ्याच्या जेटीवर अकरा जण बसलो.
सगळे होड्या काढत होते.
होड्या सुंदर असतातच, त्यांना त्याचा माजही असतो.
मी पाठ फिरवून बसले,
नाल्याकडे तोंड करून.
दोन्ही बाजूंनी काँक्रीट, मधून पाणी
शाळेतल्या रांगेसारखं.

वाकण काढायला घेतलं, तर हात वळेना.
पहिला कागद सरळ. दुसरा सरळ.
"सैल सोडा हात," टीचर म्हणाल्या,
जणू तो मुठीत धरून ठेवलाय मी.
तिसऱ्या कागदाच्या वेळी भरती लागली.
उजवीकडून, पुलाखालून.
तांडेल खरं बोलला होता.

चौथ्या कागदावर बोट थरथरलं.
वय म्हणा, ऊन म्हणा.
थरथरीतच रेघ कलली,
आणि मी तिला पट्टी दाखवली नाही.
ती गेली जायचं तिथं,
थांबली,
मग पुढे निघाली.

शेजारी आठवीतला ओजस,
कुत्रा काढून झाला होता त्याचा.
वाकून म्हणाला, "आजी, हे काय?"
"नाला."
"पण तो तर सरळ आहे."
"हो. तोही मीच काढलाय."
त्याला पटलं नाही. त्यानं माझं खोडरबर मागितलं
आणि परत द्यायला विसरला.

मग कागदाच्या खालच्या कोपऱ्यात
सावकाश, पट्टीशिवाय,
मी तो शब्द लिहिला
जो माझ्यासारखा कुणी काढत नसे.

पोहे आले तेव्हा गार झाले होते.
खोबरं कमी होतं.
पाणी नाल्यात चढत होतं,
कुठेही न थांबता.