दूधकट्ट्यावर, निकालानंतर

मैदान सुटून तास झाला तरी
खासबागेतली धूळ गंगावेशीत येतेच आहे
माणसांच्या चपलांना चिकटून.
मी धार काढतो.
म्हशीला गर्दीची सवय आहे, वादाची नाही;
आवाज चढला की पान्हा चोरते.

"गुणांवर!" अण्णाप्पा चौगुले पेला आपटतात.
"पाठ टेकली न्हाई, आभाळ दिसलं न्हाई,
आणि म्हनं जिंकला!
कुस्ती हाय का धाव्वीचा पेपर?"

मुजावरांचा इब्राहिम मोबाईल पुढं धरतो,
तेवढाच तुकडा मागं-पुढं, मागं-पुढं:
दोन पैलवान एकमेकांत शिरतात,
बाहेर येतात, परत शिरतात.
"हितं बघा. कब्जा त्येचाच हुता.
जग गादीवर गेलं, अण्णा,
तुम्ही बसा मातीत ताक नि हळद वतत."

"गादीला वास असतोय का रं?"
"पदक असतंय."

मग कुणीतरी हळूच म्हणतं, नुरा हुती.
त्या शब्दासरशी माना जवळ येतात.
कुंडलिक कारेकर आयुष्यात एकदाही लांग नेसला नाही,
त्याला सगळं ठाऊक असतं.
"त्यो गडी इमानानं आला, इमानानं जानार.
मधल्या अर्ध्या तासात
घाम गाळंल व्हय फुकटचा?"

तालमीत साठ पोरं होती, आता सतरा.
त्यातली पाच डब्यातली पावडर खातात.
बदाम कुठल्या कुठं गेले.
"बदामाचं सोडा, दुधाचं बघा की!"
आणि सगळे माझ्याकडं बघतात.
मी मान घालून धार काढतो.

कुस्ती संपली, हे वाक्य
याच दगडावर बसून माझ्या बापानं ऐकलं,
तेव्हा पेला बारा आण्याला होता.
ते ऐकत ऐकत आमच्या चार म्हशी म्हाताऱ्या झाल्या.
ही पाचवी.

साडेअकराला निवास आला.
राशिवड्याचा. आज हरलेला. गुणांवर.
स्कूटर दुसऱ्याची, सदरा उलटा,
कानाच्या गड्ड्यात तांबडी माती तशीच.
कट्टा गप्प झाला.
इब्राहिमनं मोबाईल पालथा घातला.
फक्त माझ्या बादलीत धारेचा आवाज,
त्याची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"अर्धाच द्या."
"अर्धा? आरं पैलवाना, शेरभर घे, पैशे माझं,"
अण्णाप्पांचा आवाज एकदम बापासारखा.
"नगं. पहाटे भरतीचं मैदान हाय.
सोळाशे मीटर. पोट जड झालं की पळवत न्हाई."

उभ्यानंच प्याला.
मिशीवरचा फेस मनगटानं पुसला,
कारेकरकडं बघून हसला की नाही,
मला म्हशीच्या आडून नीट दिसलं नाही.
स्कूटर दोन किकला चालू झाली.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अण्णाप्पाच, रस्त्याकडं बघत:
"ढाक लावताना उजवा पाय आत पायजे हुता."
"डावा," कारेकर.
"उजवा!"
"आवो डावा!"
"उठ. उठ, दावतो."

आणि बहात्तर वर्षांच्या माणसानं
चौसष्ट वर्षांच्या माणसाची कंबर धरली
भर रस्त्यात, रात्री पावणेबाराला.
टोपी पडली. चष्मा इब्राहिमकडं गेला.
एक रिक्षा थांबली, हॉर्न वाजवायचं विसरली.
पाडता येत नाही, सोडवत नाही,
दोघं तसेच, कपाळाला कपाळ लावून,
भात्यासारखे फुसफुसत,
"सोड." "तू सोड."

म्हशीनं मान वळवून बघितलं
आणि उरलेला पान्हा सोडला.