बाटली क्रमांक तीस

बाटली बसने आली.
वर्तमानपत्रात गुंडाळलेली, झाकणावर चिकटपट्टीचे तीन वेढे,
आणि वेइक्कोचं अक्षर: तळं चौथं, सांडव्याचं पाणी,
तापमान एकोणीस. मेले दोनशे चाळीस.
खाली पेन्सिलीनं: आजपर्यंत.

जुलै. मध्य फिनलंड. रात्रीचे दहा, तरी खिडकीत ऊन.
सायमी गाळणीतून पाणी ओतते.
माशांचे कल्ले कुजवणारे जिवाणू वर अडकतात,
आणि त्यांना खाणारा विषाणू इतका बारीक
की गाळणीला त्याचा पत्ताच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बशीत
जिवाणूंच्या पिवळ्या सायीला भोकं,
कसर लागलेल्या शालीसारखी.
स्वच्छ, गोल, आरपार.
इल्ता म्हणाली, फोन कर त्याला.
सायमी म्हणाली, आधी वाचू दे.

सत्तेचाळीस हजार एकशे बारा अक्षरं.
ए, टी, जी, सी; पाचवं नाही.
जागा न सोडता, टाक न उचलता लिहिलेलं,
मोडीतल्या जुन्या दस्तासारखं:
कुठं तोडायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.
आणि काटकसर इतकी
की एका जनुकाची अखेरची अक्षरं पुढच्याच्या तोंडी.
ए-टी-जी-ए,
चारांतच याचा शेवट नि त्याचा आरंभ.
अंताक्षरी, पण गाणारं कोणी नाही.

यंत्र म्हणतं, जनुकं चौऱ्याहत्तर.
हे डोक्याचं कवच. ही शेपटी.
हे आतून भिंत फोडणारं,
हे त्याआधी वेळ मोजत बसणारं,
मग ओळीमागून ओळ एकच शेरा:
कार्य अज्ञात. कार्य अज्ञात. कार्य अज्ञात.
पंचावन्न वेळा.
वंशावळ लिहिणाऱ्याला नावं आठवू नयेत
आणि त्यानं नुसतं एक पुत्र, एक पुत्र, एक पुत्र
असं लिहीत पान संपवावं, तसं.
याची सायमीला सवय आहे.
ती थांबली एकेचाळिसाव्यावर.
त्याला नाव होतं.

इंटिग्रेज.
म्हणजे हा दर वेळी फोडून बाहेर पडत नाही.
कधी आत शिरतो, जिवाणूच्याच लिखाणात
एक फट शोधतो, तिथं स्वतःला शिवून घेतो
आणि राहतो.
त्याच्या ताटात जेवतो. त्याच्या लेकरांत वाटला जातो.
घरजावई.
वर दाराला आतून कडी:
आपल्यासारखा दुसरा आला तर आत घेत नाही.

तिनं बशी पुन्हा उजेडात धरली.
तिसऱ्या दिवसाची भोकं. मधोमध
पुसट पिवळं, नुकती धरू पाहणारी साय.
कालही होतं ते.
काल तिला वाटलं, काच पुसायची राहिली.

"मारतो की नाही?"
"मारतो. पण काहींच्या घरी राहतो.
असा तळ्यात सोडता येत नाही."
वेइक्को गप्प. तिकडे पंपाचा आवाज,
जाळ्यातून बादलीत पडणारं ओलं, जड काहीतरी.
मग म्हणाला,
"आजोबा कारेलियातून आले ते एका हिवाळ्यापुरते.
लढाई थांबेपर्यंत. याच घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत.
घर आजीच्या वडलांचं."
आणि बऱ्याच वेळानं,
"तिसरं तळं त्यांनी खणलं."

यावर काय बोलावं, सायमीला सुचलं नाही.
पुढची बाटली पाठवा, एवढंच म्हणाली.
तक्त्यात एकेचाळिसाव्यापुढे लाल खूण केली,
पंचावन्नांना हात लावला नाही.
बाटली तीस उणे ऐंशीच्या कपाटात गेली,
नको लिहिलेल्या कप्प्यात नाही,
त्याच्या वरच्या, ज्यावर अजून काही लिहिलेलं नाही.

शुक्रवारी बस उशिरा आली.
एकतीस.
तळं तिसरं. तापमान वीस.